सहा फूट आणि एक आकडा: पॅरिसच्या एका अहवालाबद्दल तक्रार

दर पंधरा दिवसांनी आमच्या विभागातले पाच-सहा जण एखादा तपास अहवाल वाचायला बसतात. चहा असतो, कधी कुणी घरून बाकरवडी आणलेली असते, आणि कुठल्या तरी विमानाचं, रेल्वेचं किंवा कारखान्याचं काहीतरी बिनसलेलं असतं. मागच्या वेळी फ्रान्सच्या बीईए या विमान अपघात तपास संस्थेचा जुलै २०२२ चा प्राथमिक अहवाल होता. वाचून झाल्यावर एकाने फाइल मिटली आणि म्हणाला, "एका आकड्याची चूक. संपला विषय."

मी गप्प बसले, कारण माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी या घटनेवर दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्या जवळपास अशाच होत्या. घरी येऊन अहवाल पुन्हा वाचला. आता त्या दोन ओळी काढल्या आहेत. का काढल्या, आणि अहवालाशी माझं कुठे पटत नाही, ते इथे सांगते.

आधी घटना. २३ मे २०२२. स्टॉकहोमहून पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळाकडे येणारं ए३२० विमान. उड्डाण नॉर्वेजियनचं, पण विमान आणि वैमानिक एअरहब या माल्टाच्या कंपनीचे. पाऊस, ढग खाली आलेले. उतरताना ढगातून धावपट्टी दिसेना, म्हणून वैमानिकांनी नियमाप्रमाणे उतरणं रद्द केलं आणि विमान वर घेतलं. ते वर जायला लागण्याआधी रेडिओ आल्टिमीटरवर नोंदली गेलेली सर्वांत कमी उंची होती ६ फूट. म्हणजे उंच माणसाच्या डोक्याइतकी. धावपट्टी अजून सुमारे दीड किलोमीटर पुढे होती. त्या जागी विमान साधारण तीनशे फुटांवर असायला हवं होतं.

आणि कॉकपिटमध्ये सगळं ठीक दिसत होतं. मला झोप येऊ न देणारी गोष्ट ही आहे, सहा फूट नंतर.

उंची मोजत नाहीत, दाब मोजतात

विमानातला मुख्य आल्टिमीटर उंची मोजतच नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि दाबाचं भाषांतर फुटांमध्ये करतो. ज्यांच्याकडे दाबावर चालणारं ट्रेकिंगचं घड्याळ आहे त्यांना हे माहीत असेल. कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ मीटर लावून घड्याळ जुळवलं, खाली येऊन तंबूत झोपलात, आणि सकाळी उठून पाहिलं तर रात्रीत वीस-पंचवीस मीटरचा फरक. तंबू जागच्या जागी आहे, बदलला तो दाब.

म्हणून आल्टिमीटरला सांगावं लागतं की आज, इथे, समुत्रसपाटीला आणून पाहिलं तर दाब किती आहे. ही जी किंमत वैमानिक बटण फिरवून लावतो तिला क्यूएनएच म्हणतात. जमिनीजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८ फूट. दहाची चूक म्हणजे २८० फूट.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मुंबईत जानेवारीत समुद्रसपाटीचा दाब साधारण १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि जुलैत, मान्सून भरात असताना, १००३ च्या आसपास उतरतो. जानेवारीतला आकडा तसाच ठेवून कुणी जुलैत पावसातून उतरायला लागलं तर त्याचं विमान तो समजतो त्यापेक्षा पावणेतीनशे फूट खाली असेल. पॅरिसला झालं ते एवढंच. खरा क्यूएनएच १००१ होता, विमानात लागला होता १०११.

वर, समुद्रपर्यटनाच्या उंचीवर, या सगळ्याचा त्रास होत नाही. तिथे सगळ्यांनी १०१३.२५ हा एकच प्रमाण आकडा लावायचा असतो. त्यामुळे सगळ्यांची उंची सारखीच चुकते आणि एकमेकांतलं अंतर बरोबर राहतं. खाली येताना मात्र डोंगर, टॉवर आणि धावपट्टी तुमच्यासोबत चुकत नाहीत. म्हणून उतरता उतरता प्रमाण आकडा सोडून स्थानिक आकडा घ्यावा लागतो, आणि तो कुणीतरी द्यावा लागतो. अमेरिकेत तर नियमच आहे की ठरावीक उंचीच्या खाली उडताना मार्गावरच्या, १०० सागरी मैलांच्या आतल्या केंद्राचा ताजा आकडा लावायचा. म्हणजे लांबच्या उड्डाणात हा आकडा पुन्हा पुन्हा मागायचा, द्यायचा, बदलायचा.

एक छोटी गोष्ट मला फार आवडते. हवामानाच्या नियमित संदेशात क्यूएनएच अपूर्णांकात आला तर तो खालच्या पूर्णांकात उतरवतात. १००१.८ असेल तरी १००१. गणिताच्या मास्तरांना हे रुचणार नाही. पण आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी लावला तर आल्टिमीटर कमी उंची दाखवतो, म्हणजे विमान प्रत्यक्षात थोडं वरच असतं. चुकायचंच असेल तर वरच्या बाजूला चुका. ज्या कुणी हा नियम केला त्यांना कुठली चूक मारते आणि कुठली नुसती खटकते हे नीट ठाऊक होतं. पॉइंट आठची एवढी काळजी घेणाऱ्या व्यवस्थेत पूर्ण दहाचा फरक तोंडी संभाषणातून सहज आत आला.

अहवालातला सर्वांत महत्त्वाचा माणूस

अहवालाची पहिली बाजू आधी सांगते, कारण पुढे तक्रारच आहे. बीईएने संभाषणं वेळेनुसार मांडली आहेत, आणि फक्त या विमानाची नाहीत, त्याच सुमाराला त्याच लहरीवर असलेल्या इतर विमानांचीही. हे काम उत्तम झालंय. कारण त्यामुळेच एक गोष्ट दिसते जी एकाच विमानाकडे पाहून दिसली नसती.

अप्रोच कंट्रोलरने आपल्या विमानाला इंग्रजीतून १०११ सांगितला. वैमानिकांनी १०११ असाच परत म्हणून दाखवला. यालाच रीडबॅक म्हणतात. ऐकलं ते बरोबर ऐकलं का, याची ती तपासणी. तपासणी पास झाली.

थोड्या वेळाने त्याच कंट्रोलरने ईझीजेटच्या एका विमानालाही इंग्रजीतून १०११ सांगितला. त्या वैमानिकाने परत म्हणताना काय म्हटलं? १००१. म्हणजे त्याने ऐकलेला आकडा म्हटला नाही, त्याच्याजवळ आधीपासून असलेला बरोबर आकडा म्हटला. कंट्रोलरच्या लक्षात आलं नाही. आणि एअर फ्रान्सच्या विमानाशी फ्रेंचमध्ये बोलताना त्याच कंट्रोलरने आकडा दिला तो बरोबर, १००१. (पॅरिसला फ्रेंच वैमानिकांशी फ्रेंचमध्ये आणि बाकीच्यांशी इंग्रजीत बोलतात. यावरून भाषेबद्दल मोठा सिद्धांत मांडायचा मोह मला झाला होता. एका उदाहरणावर सिद्धांत उभा राहत नाही, म्हणून आवरला.)

आता हा ईझीजेटचा वैमानिक बघा. रीडबॅकच्या नियमाप्रमाणे त्याची ही चूक आहे. सांगितलं एक, म्हटलं दुसरंच. कंट्रोलरने ती पकडली असती तर दोन गोष्टी होऊ शकत होत्या. एक, कंट्रोलर स्वतःच्या पडद्याकडे बघतो, "अरे, माझंच चुकलंय" म्हणतो आणि आधीच्या विमानाला लगेच दुरुस्त करतो. दुसरी, तो न बघताच "निगेटिव्ह, १०११" म्हणतो आणि बरोबर असलेलं विमानही चुकीचं करून सोडतो. रीडबॅकची पद्धत या दोन्हींत भेद करत नाही! तिला फक्त जुळतं की नाही एवढंच कळतं. खरं काय, ते तिच्या हद्दीबाहेर आहे.

म्हणजे त्या दुपारी त्या लहरीवर रीडबॅकची दोन उदाहरणं झाली. जे बरोबर जुळलं त्यातून विमान जमिनीला टेकायला आलं, आणि जे जुळलं नाही ते विमान सुरक्षित होतं. मला वाटतं, अख्ख्या अहवालाचं मर्म या चार वाक्यांच्या संभाषणात आहे. पण अहवाल त्याची नोंद करून पुढे जातो.

सगळे साक्षीदार एकाच घरचे

माझ्या संशोधनाचा विषय साध्या शब्दांत असा: एखाद्या यंत्रणेत दोन-तीन पडताळण्या लावल्या की आपण निर्धास्त होतो, पण त्या पडताळण्या खरोखर एकमेकींपासून स्वतंत्र असतात का? अभियांत्रिकीत समाईक कारणाने होणारं अपयश म्हणतात ते हेच. गावाकडच्या भाषेत, भांडणात तीन साक्षीदार आणले आणि तिघेही एकाच चुलीवर जेवणारे निघाले.

पॅरिसच्या त्या धावपट्टीचा आयएलएस त्या दिवशी बंद होता. आयएलएस म्हणजे जमिनीवरून येणारा रेडिओचा तिरका किरण. विमान त्याच्या वर आहे की खाली हे सांगताना त्याला दाबाशी काही देणंघेणं नसतं. क्यूएनएच काहीही लावा, किरण जागचा हलत नाही. तो नसल्यामुळे वैमानिकांनी दुसऱ्या प्रकारची उतरण्याची पद्धत वापरली. त्यात डावं-उजवं उपग्रहांवरून ठरतं, पण वर-खाली ठरतं ते दाबाच्या आल्टिमीटरवरून.

अशा वेळी वैमानिक उंची कशी तपासतात? एक, दोन्ही वैमानिकांसमोरचे आल्टिमीटर एकमेकांशी जुळतात का ते पाहतात. दोघांनीही १०११ लावलेलं, जुळले. दोन, नकाशावर एक तक्ता असतो: धावपट्टीपासून इतक्या मैलांवर इतके फूट. तोही पाहिला तर तंतोतंत जुळणार, कारण संगणक विमानाला नेतोय तोच चुकीच्या उंचीच्या हिशोबाने आणि वैमानिक ताडून पाहतोय तीही त्याच चुकीच्या उंचीशी. तीन, संगणकाने काढलेल्या उताराच्या रेषेवर विमान आहे का? अगदी मधोमध. तीन पडताळण्या, तिन्हींच्या पोटात एकच आकडा.

जमिनीच्या जवळ गेल्यावर ओरडणारी यंत्रणा तरी ओरडायला हवी होती, असं कुणालाही वाटेल. ती ओरडली नाही. चाकं बाहेर, फ्लॅप खाली, उतरण्याचा वेग नेहमीचा, पुढे खरोखरच धावपट्टी. उतरणारं विमान जसं दिसावं तसंच हे दिसत होतं. आयएलएसच्या किरणाखाली गेल्यावर मिळणारा इशारा असतो, पण किरणच नव्हता.

एकच साक्षीदार परक्या घरचा होता: जमिनीवरचा रडार. विमान ठरावीक उंचीच्या खाली गेलं की कंट्रोलरच्या पडद्यावर इशारा देणारी व्यवस्था. विमान पाठवतं ती उंची प्रमाण दाबावरची असते आणि तिला खऱ्या क्यूएनएचने दुरुस्त करतो तो जमिनीवरचा संगणक, ज्याला आकडा थेट यंत्रातून मिळतो. मधे कुणाचं तोंड नाही. आणि ही व्यवस्था बोलली! इशारा आला तो टॉवरवर, म्हणजे ज्याने चुकीचा आकडा दिला त्याच्याकडे नाही, दुसऱ्याच माणसाकडे. काही सेकंद गेले. मग कंट्रोलरने वैमानिकांना सांगितलं की मला इशारा आलाय, आणि विचारलं की ठीक आहात ना, धावपट्टी दिसतेय का.

अशा वेळी म्हणायचं वाक्य आंतरराष्ट्रीय नियमावलीत ठरवून दिलेलं आहे. त्याचा आशय: उंची कमी असल्याचा इशारा, तुमची उंची ताबडतोब तपासा, क्यूएनएच अमुक. शेवटचे दोन शब्द बघा. ज्यांनी हे वाक्य घडवलं त्यांना माहीत होतं की कमी उंचीचं कारण बरेचदा तो आकडाच असतो, म्हणून त्यांनी तो वाक्यातच टाकून ठेवला. टॉवरवरच्या माणसाने तो पडद्यावरून वाचला असता तर १००१ असा कॉकपिटमध्ये पोचला असता. पहिल्या प्रयत्नात कदाचित उशीर झाला असता. पण विमान फिरून पुन्हा आलं, तोच १०११ लावून, पुन्हा तेवढंच खाली. इशारा पुन्हा वाजला. या वेळी ढगाखाली आल्यावर धावपट्टी दिसली, आपण खाली आहोत हे डोळ्यांना कळलं, आणि वैमानिकांनी उतार सुधारून विमान उतरवलं. दोन प्रयत्नांच्या मधल्या वेळात तो आकडा कुणीच दुरुस्त केला नाही.

माझी तक्रार

प्राथमिक अहवालाचं काम मर्यादित असतं हे मान्य. घाईची गोष्ट असेल ती सांगायची, बाकी नंतर. अंतिम अहवालही पुढे आला आणि त्याचा आवाका मोठा आहे. पण वर्गातल्या स्लाइड्स, बातम्या, आणि माझ्या त्या दोन ओळी, सगळं आलं ते प्राथमिक अहवालातूनच. म्हणून त्यातल्या भाषेबद्दल बोलणं भाग आहे.

कंट्रोलरनी ठरलेलं वाक्य वापरावं हा त्यातला आग्रह योग्यच आहे. मला खटकतो तो वैमानिकांनी क्यूएनएच नीट ताडून पाहावा हा सूर. चुकीचा नाही, पण कशाशी ताडायचा? विमानतळाची जी ध्वनिमुद्रित माहिती असते तिच्यात १००१ होता, हे खरं. समजा वैमानिकांनी तो आधी लिहून घेतला होता. मग वीस-पंचवीस मिनिटांनी जिवंत माणसाच्या आवाजात १०११ आला. क्यूएनएच ही बदलणारी गोष्ट आहे. नवा आकडा जुन्यापेक्षा खरा मानायचा हेच तर वैमानिकाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. नव्यावर विश्वास ठेवा, आणि नव्यावर संशयही घ्या, असं दोन्ही एकाच श्वासात सांगायचं तर किती फरकाला संशय घ्यायचा हेही सांगावं लागेल. तेवढ्या वेळात दाब दहाने चढणं जवळपास अशक्य आहे, हे हवामानवाल्याला लगेच कळेल. रेडिओवर बोलत, चाकं सोडत, पावसाकडे बघत असलेल्या माणसाला ते आपोआप सुचेल अशी अपेक्षा करणं म्हणजे शिफारस झाली का?

याउलट १९९५ चं एक प्रकरण मला जास्त प्रामाणिक वाटतं. १२ नोव्हेंबरच्या रात्री अमेरिकन एअरलाइन्सचं १५७२ क्रमांकाचं विमान कनेक्टिकटमधल्या ब्रॅडली विमानतळावर वादळात उतरताना डोंगरधारेवरच्या झाडांना घासलं. ७८ जण होते, सगळे वाचले. दाब झपाट्याने पडत होता आणि वैमानिकांकडचा आकडा शिळा होता. त्यातून चूक झाली ती सत्तर-पंचाहत्तर फुटांची. मुख्य दोष एनटीएसबीने वैमानिकांनाच दिला, कारण ते ठरलेल्या किमान उंचीच्या बरेच खाली गेले. पण हातभार लावणारी कारणं सांगताना दोघांची नावं जोडीने घेतली: कंट्रोलरने ताजा आकडा पुरवला नाही, आणि वैमानिकांनी तो मागितला नाही. पुरवणं आणि मागणं, दोन्ही कामं. आकडा पोचवणं ही एक सेवा आहे आणि ती सेवा कमी पडली, असं स्पष्ट म्हटलं. "ताडून पाहा" या शब्दांत ती सेवा गायबच होते, राहतो तो फक्त ग्राहकाचा निष्काळजीपणा.

मग काय करायला हवं? जादू करायची गरज नाही. आजच्या बऱ्याच विमानांचे ट्रान्सपॉन्डर रडारने विचारलं की वैमानिकाने कुठला दाब लावलाय तो आकडा सांगतात. तो जमिनीवरच्या खऱ्या आकड्याशी यंत्राने जुळवायचा आणि फरक दिसला तर कंट्रोलरच्या पडद्यावर दाखवायचा. ब्रिटनमध्ये काही ठिकाणी असं साधन वापरात आहे. यात बोलणं नाही, ऐकणं नाही. पॅरिसच्या विमानाने १०११ लावल्यावर थोड्याच वेळात ते दिसलं असतं, जमीन अजून हजारो फूट खाली असताना. दुसरा मार्ग म्हणजे वर-खालीसुद्धा उपग्रहांवरूनच ठरवायचं. आपल्याकडे गगन ही व्यवस्था त्यासाठीच आहे, आणि एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे पॅरिसच्या घटनेच्या महिनाभर आधी, राजस्थानात किशनगढला इंडिगोचं एक एटीआर विमान तिच्या आधाराने उतरलं होतं. सगळ्या विमानांत ती सोय नाही, आणि रडारवरचा उपाय रडार नसलेल्या छोट्या विमानतळांवर चालणार नाही. तिथे माणसाचा आवाजच राहणार.

त्या आवाजासाठी मला सुचतं ते असं. आकडा एका माणसाने दोनदा सांगण्यापेक्षा दोन माणसांनी एकेकदा सांगावा. अप्रोचने दिला, तर टॉवरने पहिल्या संपर्कात स्वतःच्या पडद्यावरून पुन्हा द्यावा. लहरीवर दोन सेकंद जास्त जातील. गर्दीच्या विमानतळावर दोन सेकंद महाग असतात हे मला माहीत आहे, आमच्या गटातल्या त्या मित्राने हाच मुद्दा काढला.

त्याला मी ईझीजेटच्या वैमानिकाचं उदाहरण पुन्हा दाखवलं. तो म्हणाला, तो नशीबवान होता. मी म्हटलं, नशीबवान नव्हता, त्याच्याकडे दुसऱ्या वाटेने आलेला आकडा डोक्यात पक्का होता. यावर आमचं एकमत झालेलं नाही. पुढच्या वेळी ब्रॅडलीचा अहवाल घ्यायचा ठरलंय, आणि चहाची पाळी माझी आहे.